सहलीपूर्वीचा ताळेबंद

या सदरात आपण बहुधा ठेवी, विमा, वारसनोंद आणि करनियोजन यांचा विचार करतो. या महिन्याचा विषय वरकरणी निराळा आहे. परंतु जोखमीचे मोजमाप हाच त्याचाही गाभा असल्याने तो येथे अप्रस्तुत ठरणार नाही, असा विश्वास वाटतो.

एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या एकत्र कुटुंबातील सतरा मंडळी सुट्टीत खोपोलीजवळच्या इमॅजिका या थीम पार्कला जाण्याच्या बेतात आहेत. सासऱ्यांचे वय ६८. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयवाहिनीत स्टेंट बसविलेला आहे. नणंदेचा १२ वर्षांचा मुलगा व्हीलचेअरवर असतो. घरातील एका पक्षाचे म्हणणे, 'त्या दोघांना घरीच राहू द्या, उगाच दगदग कशाला?' दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, 'काही होत नाही, सगळेच जातात.' यांपैकी बरोबर कोण, असा त्यांचा प्रश्न आहे. माझ्या मते दोन्ही पक्षांनी विचार करण्याचे कष्ट वाचविले आहेत. एकाने सरसकट नकार देऊन, तर दुसऱ्याने सरसकट होकार देऊन. बँकेत कर्जाचा अर्ज आला की तो न वाचता फेटाळणे आणि न वाचता मंजूर करणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच बेजबाबदारपणाच्या मानल्या जात. सहलीच्या बाबतीतही तोच न्याय लागू पडतो.

राईडवर शरीराचे काय होते

'नुसते बसायचेच तर आहे, त्यात श्रम कसले?' हा युक्तिवाद अनेकदा ऐकू येतो. हृदयाचा हिशेब मात्र वेगळा असतो. जर्मनीतील मानहाईम येथील हृदयतज्ज्ञांनी ५५ निरोगी स्वयंसेवकांच्या शरीराला ईसीजीची नोंद घेणारे यंत्र जोडून त्यांना ताशी १२० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या रोलर कोस्टरवर बसविले. हा अभ्यास २००७ साली 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. राईड अवघी दोन मिनिटांची होती. तेवढ्यात त्यांच्या हृदयाचे सरासरी ठोके मिनिटाला ९१ वरून १५३ पर्यंत गेले. हे स्वयंसेवक सरासरी तिशीच्या आतले होते. पूर्वी हृदयविकाराचा झटका आलेल्यांनी, उच्च रक्तदाब असलेल्यांनी आणि पेसमेकर बसविलेल्यांनी अशा राईडपासून दूर राहावे, असा सल्ला या तज्ज्ञांनी दिला.

याचे कारण समजून घेणे कठीण नाही. डबा हळूहळू उंचावर चढू लागताच मनात भीती दाटते, शरीरात ॲड्रेनलिन स्रवते, नाडी आणि रक्तदाब वाढतात आणि हृदयाचा स्नायू अधिक प्राणवायू मागू लागतो. निरोगी रक्तवाहिनी ती मागणी पुरविते. अरुंद झालेली वाहिनी पुरवू शकत नाही. ज्या खात्यात शिल्लक बेताची आहे, त्यावर अचानक मोठा धनादेश यावा, तशी ही स्थिती असते. त्यात भर म्हणजे वळणांवर आणि उतारांवर काही क्षण आपले वजन कित्येक पटींनी वाढल्याचा भार शरीरावर पडतो आणि मानेला व छातीला हिसके बसतात.

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात डिस्नेच्या एपकॉट उद्यानात २००३ साली 'मिशन : स्पेस' ही अंतराळ प्रवासाचा भास देणारी, वेगाने फिरणारी राईड सुरू झाली. २००५ साली तीवर बसलेल्या एका चार वर्षांच्या बालकाचा आणि २००६ साली एका ४९ वर्षांच्या महिलेचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात बालकाच्या हृदयाचा आजार आढळला, त्या महिलेला उच्च रक्तदाब होता आणि मृत्यूचे कारण मेंदूतील रक्तस्राव हे ठरले. २००६ सालीच उद्यानाने त्याच राईडचा, न फिरणारा, सौम्य प्रकार उपलब्ध करून दिला. आजही प्रेक्षकाला दोहोंतून निवड करता येते. या घटनेतून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. प्रवेशद्वारावरचा इशारा हा शोभेसाठी लावलेला नसतो. आणि टाळण्याचा अर्थ सर्वच सोडून देणे असा नसून, योग्य प्रकार निवडणे असा असू शकतो.

कोणी काय टाळावे

मी वैद्यकशास्त्राचा जाणकार नाही. अंतिम शब्द आपल्या हृदयतज्ज्ञाचाच. तरीही त्यांच्याकडे जाताना नेमका प्रश्न घेऊन जावे. 'आम्ही फिरायला जाऊ का?' असे विचारले तर 'हो, जा' असेच उत्तर मिळणार. त्याऐवजी कोणत्या उद्यानात, कोणत्या महिन्यात, किती चालणे, किती पायऱ्या आणि कोणत्या राईड्स, हे कागदावर लिहून न्यावे. इमॅजिकातील 'नायट्रो' हा उलटापालटा फिरणारा रोलर कोस्टर, उंचावरून सरळ खाली सोडणारा मनोरा आणि 'स्क्रीम मशीन' नावाचा महाकाय झोका यांचे वर्णन ऐकल्यावर डॉक्टरांचे उत्तर बदलेल.

सर्वसाधारणपणे नुकताच झटका आलेले, छातीत वारंवार दुखणारे, हृदयाचे ठोके अनियमित असलेले, हृदयाची पंपिंग क्षमता घटलेले, महारोहिणी फुगलेली असलेले, तसेच रक्तदाब आटोक्यात नसलेले यांच्यासाठी वेगवान राईड वर्ज्यच समजावी. बायपासनंतर छातीचे हाड सांधण्यास सुमारे दोन-तीन महिने लागतात. त्या काळात खांद्यावरून छातीवर आवळला जाणारा सुरक्षा कठडा घातक ठरू शकतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना साध्या हिसक्यानेही अंतर्गत रक्तस्राव होऊ शकतो, डोके आपटले तर धोका अधिक. म्हणून 'दोन दिवस ती गोळी बंद ठेवू' असा घरगुती तोडगा कोणी काढू नये. स्टेंट बसविलेल्या माणसाने त्या गोळ्या मनाने थांबविणे हे राईडपेक्षाही धोक्याचे आहे. काही राईड्सना प्रबळ विद्युतचुंबकाच्या साहाय्याने वेग दिला जातो. पेसमेकरधारकांनी तेथील फलक आवर्जून वाचावा आणि धातुशोधक दारातून जाताना आपले ओळखपत्र सुरक्षारक्षकाला दाखवावे.

आता एका दुर्लक्षित बाबीकडे वळू. अशा उद्यानात हृदयावर ताण आणणाऱ्या गोष्टी राईडखेरीजही पुष्कळ असतात. मे महिन्याच्या उन्हात तासभर रांगेत उभे राहणे, दिवसभरात सहज काही किलोमीटर चालणे आणि जलउद्यानातील घसरगुंडीचा जिना चढणे, यांचा ताण अनेकदा घसरण्यापेक्षा मोठा असतो. घरी दोन मजले चढताना ज्यांना धाप लागते किंवा छातीवर दडपण येते, त्यांनी त्या जिन्याच्या वाटेला जाऊ नये आणि सहलीआधी डॉक्टरांना ते लक्षण सांगावे. लघवी वाढविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांच्या शरीरातील पाणी उन्हाने लवकर कमी होते, चक्कर येते. उलट बर्फाच्या दालनात अचानक शिरल्यास थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब वाढतो. बाहेर कडक ऊन आणि आत गोठविणारी थंडी, हा बदल हृदयरुग्णास मानवत नाही. नातवंडे 'आजोबा, तिथे तर नुसते बर्फात खेळायचे आहे' म्हणतील. तरीही आजोबांनी बाहेरच बसावे.

आपल्यातील अनेक कुटुंबांत सूर्यास्तापूर्वी भोजन आणि उकळून निवविलेले पाणी यांचा नियम असतो. सहलीच्या दिवशी त्याचा गोळ्यांच्या वेळापत्रकाशी मेळ बसविणे अगत्याचे आहे. संध्याकाळची गोळी जेवणानंतर घ्यायची असेल, तर साडेपाचच्या सुमारास शांतपणे जेवता येईल अशी जागा सकाळीच पाहून ठेवावी. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेण्यास बहुतेक उद्यानांत मनाई असते. वैद्यकीय कारणासाठी लागणारे पाणी व खाद्य नेता येईल का, हे आधी दूरध्वनी करून विचारावे आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवावी. एकासणा किंवा उपवास ज्या दिवशी असेल, तो दिवस हृदयरुग्णाने सहलीसाठी निवडू नये. दोन्हींना वेगळे दिवस देता येतात.

झाकलेली देणी

एवढी माहिती आजकाल कोणालाही मिळू शकते. तरीही अपघात होतात, कारण जोखीम ज्यांनी जाणली पाहिजे त्यांच्यापासूनच ती लपविलेली असते. व्यापारी कुटुंबांत याला एक खास कारण आहे, आणि नोकरीच्या छत्तीस वर्षांत मी ते जवळून पाहिले आहे. ते कारण म्हणजे पत. पेढीचा मालक आजारी आहे, ही बातमी बाजारात गेली की माल देणारा उधारीचे दिवस कमी करतो, ठेवीदार हळूच चौकशी करतो, भागीदाराच्या मनात शंका येते. म्हणून माझ्या परिचयाच्या एका धान्याच्या व्यापाऱ्याने पुण्याला अँजिओप्लास्टी करून घेतली आणि बाजारात सांगितले की सोयरिकीच्या कामासाठी गेलो होतो. येथवर ते समजण्यासारखे होते. परंतु त्यांनी तेच आपल्या धाकट्या मुलाला आणि सुनांनाही सांगितले. ठाऊक होते केवळ पत्नीला आणि थोरल्या मुलाला.

पुढच्या उन्हाळ्यात सर्व कुटुंब एका मनोरंजन उद्यानात गेले. थोरला मुलगा दुकानामुळे मागे राहिला होता. नातवंडांनी आजोबांचा हात धरून त्यांना एका मोठ्या राईडच्या रांगेत उभे केले. धाकटा मुलगा कौतुकाने छायाचित्रे काढत होता. आजींनी दोनदा 'त्यांना उंचीचा त्रास होतो' असे सांगून पाहिले, ते सर्वांनी हसण्यावारी नेले. खरे कारण सुनांसमोर सांगावे की नाही, या विचारात रांग पुढे सरकत राहिली. अखेर फाटकापाशी पोहोचल्यावर त्या माउलीने यजमानांचा दंड धरला आणि सर्वांसमक्ष म्हणाल्या, "यांच्या हृदयात स्प्रिंग बसवलीय, यांना मी चढू देणार नाही." क्षणभर सारे स्तब्ध झाले. त्या सद्गृहस्थांना राग आला, परंतु ते रांगेतून बाहेर पडले. त्यांनीच मला ही हकीकत सांगितली, आणि पुढे म्हणाले, "साहेब, त्या दिवशी मला कळले की माझे सर्वांत मोठे देणे मी जामीनदारांनाच दाखवले नव्हते."

या वाक्यात मला या विषयाचे सार दिसते. जामीनदाराला कर्जाची पूर्ण रक्कम ठाऊक असलीच पाहिजे, हा बँकिंगचा साधा नियम आहे. सहलीत आपल्याबरोबर असणारी माणसे ही आपली जामीनदारच असतात. छातीत कळ आली तर धावायचे त्यांना आहे, डॉक्टरांना औषधांची नावे सांगायची त्यांना आहेत. बाजारापासून एखादी गोष्ट राखून ठेवण्याचा आपल्याला अधिकार आहे. एकाच गाडीत बसणाऱ्या माणसांपासून ती राखून ठेवण्याचा नाही.

म्हणून पत्रलेखिका भगिनींना माझे सांगणे असे की सासऱ्यांना अवश्य न्यावे. त्यांच्या डॉक्टरांची अनुमती घ्यावी आणि वेगवान राईड्सचा विषय घरीच मिटवावा, म्हणजे नातवंडांच्या आग्रहाला रांगेत तोंड द्यावे लागणार नाही. ज्येष्ठांसाठी रंगमंचावरचे कार्यक्रम, मिरवणूक आणि संथ दालने तेथे असतात. चित्रपटासारख्या भासणाऱ्या काही खेळांतही खुर्च्या हिसके देतात, हे ध्यानात ठेवून प्रत्येक ठिकाणचा फलक वाचावा. शनिवार-रविवार टाळावा, उन्हाळ्यापेक्षा हिवाळा निवडावा आणि दुपारी बारा ते तीन सावलीत विसावा घ्यावा. आत शिरताच प्रथमोपचार कक्ष कोठे आहे आणि तेथे हृदय पुन्हा चालू करणारे स्वयंचलित यंत्र आहे का, हे विचारून घ्यावे. जवळचे हृदयोपचारांची सोय असलेले रुग्णालय आदल्या दिवशीच शोधून ठेवावे. छातीत दुखू लागल्यास रुग्णाने तेथेच खाली बसावे. जिभेखालची गोळी दिलेली असेल तर ती बसूनच घ्यावी, कारण तिने रक्तदाब उतरतो आणि उभा माणूस कोसळू शकतो. आणि १०८ क्रमांकावर दूरध्वनी करण्यास पाच मिनिटांचाही विलंब लावू नये. 'पित्त झाले असेल' हे निदान त्या वेळी कोणीही करू नये.

व्हीलचेअर आणि नकार

आता त्या मुलाविषयी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे. हृदयविकार त्या यादीत नाही, म्हणून निव्वळ हृदयरुग्णाला त्या कायद्याखालील ओळखपत्र मिळत नाही, हेही येथे सांगून ठेवतो. सार्वजनिक वापराच्या जागा सुगम असाव्यात ही अपेक्षा हा कायदा शासकीय व खासगी अशा दोन्ही आस्थापनांकडून करतो. दिव्यांगत्वाच्या कारणावरून कोणाशीही भेदभाव करता येणार नाही, मात्र एखाद्या न्याय्य उद्दिष्टासाठी योजलेला तो प्रमाणशीर उपाय असल्यास गोष्ट वेगळी, असे त्याचे कलम ३ सांगते. थीम पार्कमधील सगळा वाद या एका वाक्यात सामावलेला आहे.

त्याची एक बाजू पाहू. २०११ साली अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात डॅरिअन लेक येथील उद्यानात, इराकच्या युद्धात दोन्ही पाय गमावलेल्या एका तरुण सैनिकाला 'राईड ऑफ स्टील' या रोलर कोस्टरवर बसू देण्यात आले. चालत्या राईडवरून तो बाहेर फेकला गेला आणि मरण पावला. त्या आसनाचा सुरक्षा दांडा मांड्यांवर आणि पायांवर रोखून धरणारा होता. दोन्ही पाय असल्याशिवाय बसू देऊ नये, असा नियमही होता. कर्मचाऱ्यांनी तो पाळला नाही. कदाचित त्या शूर माणसाला नाही म्हणण्याचे त्यांच्या जिवावर आले असेल. म्हणून जेव्हा कर्मचारी आसनाकडे, पट्ट्याकडे बोट दाखवून 'या बांधणीत हे सुरक्षित राहणार नाहीत' असे सांगतो, तेव्हा तो अपमान मानू नये. तो नियम जीव वाचविण्यासाठी आहे.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. 'असल्या मुलांना आम्ही बसवत नाही' हे उत्तर सुरक्षेचे नव्हे, ते पूर्वग्रहाचे आहे. असे उत्तर मिळाल्यास आवाज न चढविता तीन प्रश्न विचारावेत. या राईडचा लेखी नियम कोणता? या मुलाला तो कोणत्या कारणाने लागू होतो? आणि पर्याय कोणता? लेखी नियम नसेल तर व्यवस्थापकास भेटावे, त्याचे म्हणणे लिहून घ्यावे. तेथेही दाद न लागल्यास पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे लेखी तक्रार करता येते. नम्रतेने मागितलेले लेखी उत्तर बँकेत जितके परिणामकारक असते तितकेच इतरत्रही असते, हा माझा अनुभव आहे.

प्रत्यक्ष जाण्यापूर्वी काही बाबी विचारून घ्याव्यात. व्हीलचेअरसाठी उतार कोठे आहेत, तेथे खुर्ची भाड्याने मिळते का, तिला हमी रक्कम किती आणि योग्य स्वच्छतागृह कोठे आहे? खुर्चीतून राईडच्या आसनावर बसविण्याचे काम बहुतेक ठिकाणी कुटुंबीयांनाच करावे लागते, कर्मचारी उचलत नाहीत. म्हणून ते उचलणे घरी दोघांनी करून पाहिलेले असावे. राईड मध्येच थांबली तर जिन्याने उतरावे लागेल का, हा प्रश्न कोणी विचारत नाही, तो अवश्य विचारावा. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेतील वरच्या दोन मणक्यांची जोडणी सैल असते. त्यांना हिसके देणाऱ्या राईडवर बसविण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अनिवार्य समजावा. अपस्मार असलेल्यांनी लखलखणाऱ्या दिव्यांची दालने टाळावीत. कानात कॉक्लिअर इम्प्लांट असलेल्या बालकाच्या कानामागचे बाह्य यंत्र प्लॅस्टिकच्या घसरगुंडीवर जाण्यापूर्वी काढून ठेवणे श्रेयस्कर, कारण तेथे निर्माण होणारी स्थितिज वीज त्याला बाधू शकते. स्वमग्न मुलांसाठी कान झाकणारे साधन न्यावे आणि गर्दीतून बाहेर पडण्याची शांत जागा आधी हेरून ठेवावी.

घरात राहिलेले मूल

कायद्याने दार उघडले तरी मुलाला त्या दारापर्यंत न्यावे लागते आपणच. आजारी वडीलधारी मंडळी जशी पतीसाठी आजार लपवितात, तसे अनेक कुटुंबांत दिव्यांग मूल लपविले जाते. कारण असते मोठ्या बहिणीचे स्थळ. 'पाहुणे येणार आहेत, त्याला आत बसव' हे वाक्य मी सुशिक्षित घरांत ऐकले आहे. अशा मुलाला लग्नाला नेत नाहीत, जत्रेला नेत नाहीत आणि मग सहलीला न नेणे हे ओघानेच येते. वर 'त्याला काय कळते?' हे समर्थन असते. त्याला सारे कळते. गाडी निघून गेल्यावर घरात किती शांतता होते, तेही कळते.

याच्या विरुद्ध दिशेने गेलेल्या एका व्यावसायिकाचे उदाहरण सांगतो. अमेरिकेतील टेक्सास राज्यात, सॅन अँटोनिओ शहरात गॉर्डन हार्टमन हे घरे बांधण्याच्या व्यवसायात होते. त्यांची कन्या मॉर्गन ही दिव्यांग आहे. एका सहलीत, पोहण्याच्या तलावात मॉर्गन इतर मुलांशी खेळू पाहत होती आणि ती मुले तलावातून निघून गेली. तिच्याशी कसे खेळावे हे त्यांना ठाऊक नव्हते. हार्टमन यांनी २००५ साली आपला व्यवसाय विकला होता. पुढे त्यांनी एका जुन्या खाणीच्या जागेवर 'मॉर्गन्स वंडरलँड' हे उद्यान उभारले आणि २०१० साली ते खुले झाले. तेथील फिरता पाळणा, झोके आणि मेरी-गो-राउंड व्हीलचेअरसकट चढता येईल असे आहेत. दिव्यांग व्यक्तीला तेथे प्रवेशशुल्क नाही. २०१७ साली शेजारीच जलउद्यान सुरू झाले. तेथे पाण्यात चालणाऱ्या, दाबलेल्या हवेवर धावणाऱ्या खुर्च्या दिल्या जातात, कारण विजेच्या खुर्चीला पाणी चालत नाही. हे उद्यान केवळ दिव्यांगांसाठी राखीव नाही. सर्व मुलांनी एकत्र खेळावे, हाच त्याचा हेतू आहे. आपल्याकडे दानशूर घराणी कमी नाहीत. गावातील एखाद्या बागेत व्हीलचेअरसकट चढता येईल असा एक झोका बसविण्यास फार मोठी देणगी लागत नाही, एवढेच येथे सुचवितो.

परदेशी जाणाऱ्यांसाठी

सिंगापूर, दुबई किंवा अमेरिकेतील उद्यानांना जाणाऱ्या कुटुंबांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली विम्याविषयी. परदेश प्रवासाच्या बहुतेक विमापत्रांत पूर्वीपासून असलेल्या आजारावरील खर्च वगळलेला असतो किंवा केवळ प्राणसंकटापुरता मर्यादित असतो. म्हणून स्टेंट, बायपास, रक्तदाब यांची नोंद प्रस्तावात प्रामाणिकपणे करावी आणि त्यासाठी अधिक हप्ता पडला तरी भरावा. थोडे पैसे वाचविण्यासाठी लपविलेला आजार तेथील रुग्णालयाचे बिल आल्यावर फार महाग पडतो. उद्यानाच्या तिकिटांचेही तसेच आहे. 'स्वतःच्या जबाबदारीवर' असे छापल्याने उद्यानाची निष्काळजीपणाची जबाबदारी संपत नाही, आपल्याकडे ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार दाद मागता येते. मात्र इशारा वाचूनही आजार दडवून राईडवर बसलेल्याची बाजू दुबळी ठरते.

दुसरी गोष्ट सवलतीविषयी. अमेरिकेतील डिस्ने उद्यानांत दिव्यांगांना दीर्घ रांगेतून सूट देण्याची व्यवस्था आहे. २०१३ साली काही धनिक कुटुंबे रांग चुकविण्यासाठी दिव्यांग व्यक्तींना भाड्याने बरोबर नेतात, अशा बातम्या आल्या आणि उद्यानाने जुनी पद्धत बंद केली. २०२४ पासून ही सवलत मुख्यतः स्वमग्नतेसारख्या विकासात्मक दिव्यांगत्वामुळे रांगेत थांबू न शकणाऱ्यांसाठी आहे. त्यासाठी उद्यानाच्या प्रतिनिधीशी व्हिडिओवर आधी बोलावे लागते आणि खोटी माहिती दिल्यास कायमची प्रवेशबंदी होऊ शकते. कोणी आपला खरा आजार लपवितो, तर कोणी खोटा आजार दाखवितो. दोहोंचा भुर्दंड अखेर खऱ्या गरजवंताला पडतो.

तिकिटे काढण्यापूर्वी कुटुंबातील सर्वांनी, मुलांसह, एकदा एकत्र बसावे आणि एक कागद तयार करावा. त्याच्या एका बाजूला प्रत्येकाचे आजार, औषधे, त्यांच्या वेळा, रक्तगट आणि डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक लिहावा. दुसऱ्या बाजूला कोण कोठे बसणार नाही, त्या वेळी त्याच्याबरोबर कोण थांबणार आणि चुकामूक झाल्यास कोठे भेटायचे, हे लिहावे. थांबण्याची पाळी सर्वांनी वाटून घ्यावी, एकाच सुनेवर दिवसभर टाकू नये. या कागदाच्या दोन प्रती काढाव्यात. एक आजारी व्यक्तीच्या खिशात आणि दुसरी गटातील सर्वांत शांत डोक्याच्या माणसाच्या खिशात असावी. ताळेबंदात देणी लिहिली म्हणून पेढी बुडत नाही. कोणती देणी कधी भागवायची हे ठरविता येते, इतकेच. मग खुशाल गाडी बोलवावी आणि सगळ्यांनी मिळून निघावे.